दोन गावांत जिवंत

सोमवार, ३
आले बाई एकदाची! नासलेल्या अन्नाची प्रयोगशाळा म्हटल्यावर मावशीने आपल्या गावाहून फोनवरच नाक मुरडलं होतं, पण मला जागा फार आवडली. खाली काम, वर आम्हा दोघी बहिणींना दोन खोल्या. धाकटीने आल्या आल्या खिडकीजवळचा पलंग बळकावला. लोकांनी परत केलेले फुगलेले डबे, आंबलेलं दूध, बुरसटलेला पाव इथे येतो. त्यातले जीवाणू वेगळे करून कोण कुठल्या कुळातला ते ठरवायचं, हे माझं काम. प्रयोगशाळेच्या मॅडम फारच गोड. धाकटीची किती चौकशी केली! वय, तब्येत, आणखी कोण कोण आहे तुम्हाला. आईबाप नसलेल्या पोरींना एवढी माया कोण लावतं?

गुरुवार, ६
आज लॉटरीच लागली! फुगलेल्या डब्यातल्या दुधातून, जीवाणू वाढवायच्या झाकणाच्या प्लेटवर, गुलाबी ठिपके उगवले. जनुकं वाचून पाहिली तर ओळखीच्या कुणाशीच जुळेनात. म्हणजे नवी प्रजाती! मॅडम म्हणाल्या, हुरळू नकोस. मान्यता हवी तर ती दोन वेगवेगळ्या गावांत जिवंत सांभाळावी लागते, आणि ही तर प्लेटवर दोन दिवसांत मरते. मग त्यांनी झाकण काढून प्लेट माझ्या नाकाखाली धरली. पुस्तकात याला सक्त मनाई आहे, पण जुनी माणसं वासावरूनच कूळ ओळखतात म्हणे. मी काही नाकाने कांदे सोलणाऱ्यातली नाही. घेतला छातीभर वास. अगदी पिकलेलं खरबूज!

मंगळवार, ११
सकाळचं दूध दुपारी नासलं. कालचंही नासलं होतं. धाकटी म्हणते, ताई, तू शिवलंस की सगळं खराब होतं. मी तिची टर उडवली, तर माझे केस हुंगून म्हणाली, खरबूज कापलंस का गं? मला काहीच वास येत नाही. मनात पाल चुकचुकली. सफाईवाल्या काकांना सहज विचारलं, माझ्या आधी इथे कोण होतं? एक मुलगी, म्हणाले, आणि तिच्या आधी एक मुलगा; दोघांनाही बरं वाटेनासं झालं. पुढे काय झालं विचारताच बादली उचलून चालते झाले.

शुक्रवार, १४
कुठेतरी पाणी मुरतंय. अंगात कणकण आहे. मॅडम रोज तब्येत विचारतात, पण चार हात लांबून. प्लेट मलाच हुंगायला लावतात. स्वतः कधी हुंगलेली मी पाहिली नाही. आज गुपचूप कापसाची काडी नाकात फिरवून प्लेटवर ओढली.

शनिवार, १५
गुलाबी. नुसती गुलाबी. माणसाच्या नाकात नाना जातींचे जीवाणू असतात. माझ्या प्लेटवर दुसरं काही म्हणजे काही नाही. प्लेटवर मरते आणि माझ्यात जगते — हे त्या बाईला माहीत होतं. माझं काय व्हायचं ते होवो, पण माझ्या बाळीला हात लावू देणार नाही. दुपारच्या गाडीने तिला मावशीकडे धाडली. मॅडमना पत्ताही लागला नाही. चांगली जिरवली!

रविवार, १६
ताप. मॅडम वर आल्या. धाकटी गेली म्हटल्यावर रागावतील वाटलं होतं — हसल्या. मावशीचं गाव कुठलं, एवढंच विचारलं. मी सांगितलं नाही. त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, आधीच्या दोघांना दुसऱ्या गावात कुणीच नव्हतं गं —
देवा. मीच पाठवली. माझ्या हाताने —
फोन लागत नाही.

सोमवार
लागला. मावशी म्हणते, पोर मजेत आहे, दूध तेवढं नासलं. आणि हे कसलं अत्तर लावून पाठवलीस, घरभर खरबूज —
ओरडले. दवाखान्यात ने तिला, आत्ता —
मावशी हसली. म्हणे, घाबरतेस काय, तुझ्या मॅडमनी डॉक्टरीणबाई पाठवल्यात की. समोरच बसल्यात. कापसाची काडी काढलीय, धाकटीला म्हणतायत, बाळ, आ —