टाकीच्या झाकणाचं भोक

१६ ऑक्टोबर १९५६, मंगळवार

गाडी परत बंद. आबिड्सला, पोस्टापुढं, भर चौकात. मागून टांगेवाला ओरडतोय, "बाई, बाजू हो जाओ!" कशी होऊ? उचलून नेऊ? शेवटी दोघा-तिघांनी ढकलून कडेला लावली. थोड्या वेळानं आपोआप सुरू, जसं काही झालंच नाही. दसऱ्याला सोनं द्यायला बरकतपुऱ्यात गेले तेव्हापासून हेच. निघते झोकात, मग धापा, मग आचके, मग ठप्प.

नाना म्हणाले, "म्हातारी झाली ती, कुसुम. तुझ्या बापासारखी." आणि हसले. मला हसू आलं नाही. एक तारखेला औरंगाबादच्या कन्याशाळेत हजर व्हायचंय, तेही ऐन दिवाळीत! इथल्या राज्याचे भाषेप्रमाणे तीन तुकडे, आणि आम्ही मराठी मास्तरणी मुंबई राज्याच्या वाट्याला. नानांची अट एकच. "रेल्वेत पाय ठेवणार नाही. येईन तर आपल्या गाडीतून." आई असती तर गोष्ट वेगळी होती. या वयात त्यांना एकट्याला ठेवून जाऊ कशी? म्हणजे गाडी धड झाली तर दोघं, नाहीतर...

१८, गुरुवार

अफझलगंजला यूसुफभाईंकडे नेली. नानांची गाडी पहिल्यापासून तेच बघतात. इंजिनाला कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "बेटी, इसकू पेट्रोल नै मिल रा." अहो, ते मलाही कळतं! कायकू नै मिल रा? कार्बोरेटर खोलला, जेटच्या बारीक छिद्रात फुंकर मारली. "अब देखो, उडते जाती." उडत आली खरी. नल्लकुंट्याच्या अलीकडे बसली.

२०, शनिवार

आज इंजिनाला पेट्रोल ओढून देणाऱ्या पंपाचा रबरी पडदा बदलला. जुना माझ्या हातात दिला. मला तर धडधाकट दिसला. तसं म्हटलं तर, "ऊपर से ठीक है बेटी, अंदर से थक गया." संध्याकाळी हिमायतनगरपाशी पुन्हा तेच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

२१, रविवार

यू.भाईंचं नवीन मत: पेट्रोलमधे पाणी. सगळी टाकी रिकामी केली, फडक्यातून गाळलं. पाण्याचा थेंब नाही. आता ते नळीवर संशय घेतायत. मला काहीच सुचेनासं झालंय. गाडी चालते तेव्हा उत्तम चालते, मग बिघडलंय तरी काय? नाना खुर्चीत बसून मजा बघतायत. "पूजा केलीस ना खंडेनवमीला? मग?"

२३, मंगळवार

सापडलं! सापडलं!!

विद्यानगरच्या चढावर बंद पडली. म्हटलं पेट्रोलच संपलं की काय, काठी घालून बघू. टाकीचं झाकण फिरवलं आणि सुस्स! हवा आत ओढली गेली. मी दचकलेच. झाकण लावलं, बटण दाबलं, लगेच सुरू. तिथंच डोक्यात उजेड पडला. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल गुटगुट करून अडतं, हवेला दुसरं पाडावं लागतं. टाकीचंही तसंच असणार. झाकणाला बारीक भोक होतंच, पण गच्च बुजलेलं. लाल.

खंडेनवमीला मीच. "गाडीचं तोंड कुठलं हो?" विचारलं, तर नाना म्हणाले होते, "जिथून खाते ते." म्हणून झाकणावर तेलात कालवलेलं कुंकू चांगलं थापलं! आरतीसुद्धा ओवाळली. अगं हौले, वेडे! टाचणीनं सगळं कोरून काढलं आणि रस्त्यात एकटीच हसत बसले.

२४, बुधवार

गोवळकोंड्यापर्यंत जाऊन आले. एक आचका नाही. नानांना हात धरून फाटकाशी आणलं, भोक दाखवलं, सगळं समजावलं. "हुशार आहेस," म्हणाले. जेवले मात्र नाहीत, पोट बरं नाही म्हणे. उद्यापासून भांडी बांधायला घेते.

२७, शनिवार

परत बंद. कसं शक्य आहे? झाकण उघडलं, परत सुस्स. भोक बुजलेलं, पण या खेपेला पांढरं. नखानं उकरून वास घेतला. चंदन. नानांचा अंघोळीचा साबण.

साबण आपल्या पायांनी तिथं जातो का? मग... पण का? विचारलं नाही. भीती वाटली.

२९, सोमवार

आज विचारलंच. "नाना, झाकणात साबण कुणी भरला?"

पेपर खाली न घेता म्हणाले, "मी."

असा राग आला! इथं मी भर रस्त्यात गाडी ढकलत मरमर मरतेय, आणि हे! "यायचं नव्हतं तर तोंडानं सांगायचं होतं!"

"सांगितलं असतं तर तू नोकरी सोडून माझ्या उशाशी बसली असतीस. वाटलं, गाडीला वैतागून एकटी रेल्वेनं जाशील."

"आणि तुमचं काय?"

"इथं कोर्टात गेलो तर जुना वकील म्हणून अजून उठून खुर्ची देतात गं. तिकडं मी कोण? मास्तरीणबाईंचा म्हातारा."

हे खोटं नाही, म्हणून आणखीच राग आला. वर जाऊन रडले. ते खरंच माझ्यासाठी करतायत का स्वतःसाठी? त्यांना तरी ठाऊक आहे का?

३१, बुधवार

पहाटे निघाले. एकटी. गाडी न्यायला नानांनीच लावली, "इथं ठेवून मी काय करू?" संक्रांतीला तुम्हाला न्यायला येते म्हटलं. "ये," म्हणाले. मी येईन, असं नाही म्हणाले. दरवाजा लावून घेताना त्यांचा हात काचेवर होता, तो काढा म्हणता येईना.

गाडी काय सुरेख चालली! पटणचेरूचा चढ हसत चढली. मी मनात म्हणतेय, पड गं बाई बंद, एकदा तरी पड. काही नाही.

आता संगारेड्डीच्या फाट्यावर थांबलेय. चहा गार झाला. चहावाला विचारतोय, "किधर जाना है अम्मा?" सांगितलं नाही अजून. बटण दाबलं की सुरू होणार, ते पक्कं आहे. तोंड पुढं औरंगाबादकडं वळवायचं की मागं नानांकडं, तेच ठरत नाहीये.