बंद लिफ्टचे सील तोडण्याची पूर्वसूचना

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगर कार्यालय

विषय : डासांची बरणी नष्ट न करण्याबाबत, तसेच आमच्या इमारतीच्या लिफ्टचे सील तोडणार असल्याबाबत.
संदर्भ : आरोग्य विभागाची बरणीविषयीची नोटीस.

महोदय,

मी निवृत्त शिक्षक आहे. इमारतीतील मुले संध्याकाळी माझ्या खोलीत शिकायला येतात. त्यांपैकी शिंप्याची थोरली मुलगी डेंग्यूने रुग्णालयात आहे. शेजाऱ्यांनी माझ्या बरणीकडे बोट दाखवले, आपले निरीक्षक आले आणि बरणी नष्ट करून वर्ग बंद करण्याची नोटीस देऊन गेले. जाताना म्हणाले, "आजोबा, या वयात लोक पोपट पाळतात."

सदर बरणीत डासाच्या अळ्या असून तोंडाला दुहेरी मलमल घट्ट बांधलेली आहे. अळ्या डोके खाली करून लटकतात व शेपटीकडच्या नळीने श्वास घेतात, हे मुले रोज पाहतात. फक्त मादी चावते, हे कळल्यावर मुलग्यांनी मुलींना चिडवले. "अंडी काय तुम्ही घालणार?" असे विचारून मुलींनी त्यांना गप्प केले. मादी आजारी माणसाला चावते, आठ-दहा दिवसांत विषाणू तिच्या लाळेत उतरतो आणि मग ती तो पुढच्याला देते. मलमलीआडच्या डासाला ही संधी मिळालेली नाही.

हा धडा बरणीच्या आधी फळ्यावर झाला, तेव्हाच मुलांनी कुंड्यांच्या ताटल्या, फ्रिजमागचे ट्रे, गच्चीतले टायर, सारे रिकामे केले. तरी पट्टेरी पायांचे डास दिवसाढवळ्या चावतच राहिले. शेवटी पाणी सापडले लिफ्टच्या खड्ड्यात. आपल्याच बांधकाम विभागाने लिफ्ट धोकादायक ठरवून, वीज तोडून, जाळीच्या दाराला सील ठोकले आहे. जाळीतून दोरीने डबा सोडून काढलेल्या अळ्या त्याच या.

शिंप्याच्या धाकटीला घेऊन मी आपल्या कार्यालयात आलो. आरोग्य विभाग म्हणाला, "सील आमचं नाही." बांधकाम विभाग म्हणाला, "डास आमचे नाहीत." धाकटीने विचारले, "मग ताईला चावला तो कोणाचा?" दोन्ही टेबलांनी रांगेतला पुढचा माणूस बोलावला. मुलाचा प्रश्न अनुत्तरित ठेवून घरी जायची मला सवय नाही.

सबब, बरणी नष्ट होणार नाही व वर्गही बंद होणार नाही. येत्या सोमवारी सकाळी मी सील तोडून खड्डा उपसणार आहे. अंडी पाण्यालगतच्या भिंतीला चिकटतात व कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून भिंतीही घासणार आहे. मुले जिन्यावरून पाहतील. हात फक्त माझे लागतील. ही परवानगीची विनंती नाही. आपण आलात तर एक ब्रश जादा ठेवला आहे.

सील कोणी तोडले याची चौकशी नेमावी लागू नये, म्हणून खाली स्पष्ट सही करीत आहे.

आपला नम्र (सील वगळता),
मुलांचा मास्तर
तळमजला, लिफ्टसमोरची खोली
दिनांक : नोटीस मिळाली तोच

सोबत : नोटिशीत नमूद बरणी, एक. आपल्या टेबलावर उजेडात ठेवावी. मलमल सोडू नये.