फोन ठेव, मीच करतो

१ फेब्रुवारी २००५, मंगळवार

पोचले एकदाची! मांडव्याला लाँचमधून उतरले तेव्हा केसांचं पार घरटं झालं होतं, पण मूड झकास. चौलच्या पुढे खाडीकाठी हमदुल्लाशेठचा कोळंबी गोठवायचा कारखाना आहे. मुंबईचं ऑफिस फोनलाइनवरून इथल्या कॉम्प्युटरला जोडून घेतं, गोठणखोल्यांचं तापमान बघतं, त्यांची दारंही तिकडूनच उघडतं नि लावतं. शेठला चोरांची भारी धास्ती. तर आता कोणीतरी तिसराच फोन लावून कॉम्प्युटरमध्ये शिरतोय. त्याला हुडकायचं आणि त्याची वाट बंद करायची, हे माझं काम. डोंबिवलीची सुचिता आली आहे म्हणावं, लपा आता.

राहायची सोय सुगराचाचींकडे. एकट्याच असतात. नवरा कुवेतला होता, तिकडेच वारला. मुलगा मुसअब याच कारखान्यात कॉम्प्युटर बघायचा, तोही दोन वर्षांपूर्वी गेला. कसा, ते पहिल्याच दिवशी विचारवेना. जेवायला सुरमई आणि तांदळाची भाकरी. तीन खाल्ल्या, लाज वाटली नाही.

३ फेब्रुवारी, गुरुवार

कॉम्प्युटरचा बंदोबस्त वाटला होता तितका वाईट नाही. फोन लावला की तो नाव आणि पासवर्ड विचारतो, मग फोन कापतो आणि त्या नावापुढे नोंदलेल्या नंबरवर स्वतः उलटा फोन करतो. म्हणजे चोराने पासवर्ड पळवला तरी फोन जाणार खऱ्या माणसाच्या घरी. चाचींना हे सांगितलं तर त्या खुदकन हसल्या. मुसअबचे अब्बा कुवेतहून अस्संच करायचे म्हणे. इकडून एक रिंग द्यायची नि कापायची. त्यांनी चुकून उचललाच तर घाईघाईत म्हणायचे, फोन ठेव, मीच करतो. मुसअबलाही तेच वळण लागलं होतं.

४ फेब्रुवारी, शुक्रवार

कारखान्याला आज सुट्टी. दुपारची नमाज आटोपून चाची फोनपाशी येऊन बसल्या, जणू कोणी वेळ दिली होती. रिंग झाली. त्यांनी रिसीव्हर उचलला आणि मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आली ती मोडेमची किंकाळी, फोनवरून कॉम्प्युटर जोडताना रोज कामावर ऐकते तीच. चाचींनी फोन ठेवला नाही. हसून बोलू लागल्या. जेवलास का, अंगावर काही घेतलंस का. नंतर म्हणाल्या, मुसअबचा फोन, दर जुम्म्याला येतो. घसा बसलाय त्याचा, बाकी बरा हाय.

५ फेब्रुवारी, शनिवार

कॉम्प्युटरच्या यादीत मुसअबचं नाव अजून आहे. त्यापुढे चाचींच्या घरचा नंबर. दर शुक्रवारी त्याच नावाने कोणीतरी शिरतं, आणि फोन लावला जातो तो कारखान्यातल्याच दोन नंबरच्या गोठणखोलीतून.

गेटवरच्या भागोजीने सांगितलं ते ऐकून जेवण गेलं नाही. सुट्टीच्या दिवशी मुसअब त्या खोलीत अडकला. दार आतून उघडत नाही. जवळ लॅपटॉप होता, खोलीत फोन होता, पण तो कारखान्यातल्या कारखान्यातच लागायचा आणि गेटवर कोणी उचलेना, म्हणून त्याने तिथूनच कॉम्प्युटरला फोन लावला, दार उघडायला. कॉम्प्युटरने नेमाप्रमाणे फोन कापला आणि त्याच्या घरी केला. चाचींनी उचलला, किंकाळी ऐकली, घाबरून ठेवला. परत आला, परत ठेवला. ती रिंग कसली होती ते त्यांना मयत घरी आल्यावर कळलं. भागोजी म्हणाला, तवापासून ती फोन ठेवीत न्हाय. मला रडू आलं.

पण त्या खोलीतला फोन त्याच आठवड्यात उपटून टाकला होता.

७ फेब्रुवारी, सोमवार

मुसअबचं नाव काढून टाकलं. चाचींच्या पाठीमागे केलं, फार वाईट वाटलं. मन घट्ट केलं. माझं नाव घातलं, पासवर्ड फक्त माझ्या डोक्यात. संध्याकाळी घरून काम करते म्हणून उलटा फोन चाचींच्याच नंबरवर. शेठला ऐटीत सांगितलं, आता त्या खोलीतून खुद्द मलासुद्धा शिरता येणार नाही.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

फोन आला. तीच किंकाळी. चाची खूश.

१२ फेब्रुवारी, शनिवार

नोंद आहे. नाव: सुचिता. पासवर्ड पहिल्याच फटक्यात बरोबर. मी कोणालाही सांगितलेला नाही. झोपेतही बडबडत नाही मी.

फोन दोन नंबरच्या खोलीतूनच.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटी स्वतः बघायला आले. दुपार आहे, ऊन आहे, भागोजी गेटवर आहे, मग घाबरायचं कशाला. दाराला लाकडाचा ठोकळा लावलाय. लॅपटॉप बरोबर आहे, लाइन तपासायला.

फोन भिंतीवर आहे. कोणी लावला?

—

दार लागलं. ठोकळा आत पडलाय, माझ्या पायाशी.

ओरडून झालं. दार वीतभर जाड. मोबाईलला इथे रेंज नसतेच. वही पिशवीत होती. लिहिते, नाहीतर डोकं फिरेल.

—

फोन चालू आहे. बाहेरचा नंबर लागत नाही. गेटवर नुसती रिंग जातेय. भागोजी जेवायला गेला असणार.

कॉम्प्युटर लागतो. लॅपटॉप जोडला. नाव दिलं, पासवर्ड दिला. त्याने घेतला. आणि कापला.

आता तो चाचींकडे करणार. मीच तसं केलंय. मीच—

—

परत लावला. कॉम्प्युटर एंगेज. चाची बोलतायत. त्या आता ठेवायच्या नाहीत.

बोटं वळत नाहीत. आई ग, मला इथून बाहेर काढा कोणीतरी.

—

रिसीव्हर उचलला तर लाइनवर चाची. किंकाळी नाही, स्वच्छ आवाज. मी जीव खाऊन ओरडले, चाची, मी सुचिता, भागोजीला पाठवा. त्यांना ऐकूच जात नाही.

दुसरं कोणीतरी उत्तर देतंय. पुरुष. घसा बसलेला.

त्या विचारतायत, माझ्याकडची पोरगी तिथं हाय का. तो म्हणाला, हाय, इथंच हाय. चाची म्हणाल्या, बरं झालं रे बाबा, तुला सोबत झाली.

चाची नको—

त्यांनी ठेवला. पहिल्यांदाच त्यांनी ठेवला.

तो अजून लाइनवर आहे. माझं नाव घेतोय. मायेने सांगतोय, फोन ठेव, मीच