चौथ्या होलवरचा न मारलेला फटका

प्रिय चिंतामणी,

मी, मोरेश्वर त्र्यंबक दिघे, वय वर्षे चोपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, कशेळी येथील कंपनीच्या गोदामाचा व्यवस्थापक आणि तिथल्या गोल्फ मैदानाच्या समितीचा गेली अकरा वर्षे मानद चिटणीस, रविवार दि. ९ डिसेंबर १९७३ रोजी चौथ्या होलवर तुझ्याविरुद्ध दिलेला निर्णय चुकीचा होता, हे तुला लेखी कळवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ज्याच्याबरोबर कॉलेजची चार वर्षे एका खोलीत काढली त्याला मी स्वतःची ओळख करून देतो आहे, याचे तुला हसू येईल. ‘दिघेशास्त्री, आता जन्मपत्रिकाही जोडा,’ असे तू म्हणशील. पण पाच वर्षांत आपल्यात एका पोस्टकार्डाचीही देवघेव झालेली नाही. शिवाय हा कागद कधी तिसऱ्याच्या हाती पडला, तर कोणी कोणाला काय लिहिले याविषयी त्याला शंका राहू नये, अशी माझी इच्छा आहे.

त्या दिवसाची हकिकत तुला ठाऊक आहे; तरी ती मला जशी दिसली तशी मांडतो, कारण मी ती कधी मांडलीच नाही. नऊ होलांचे ते मैदान, एका गोऱ्या मॅनेजरने हौसेने आखलेले आणि कंपनीने आपल्यासारख्यांसाठी राखलेले. अंतिम सामना तुझा आणि माझा. तिसऱ्या होलपर्यंत आपण बरोबरीत होतो. चौथा होल खाडीच्या अंगाचा. उजवीकडे चिखल, समोर एकशे चाळीस पावलांवर ते एकटे डेरेदार भेंडीचे झाड. तू काठी उचललीस, खांद्यामागे नेलीस, खाली आणलीस, आणि चेंडूच्या वीतभर वरून हवेतून फिरवलीस. चेंडू जागचा हलला नाही. तू पांढराफटक पडला होतास. म्हणालास, ‘मोरू, समोर बाई आहे रे, गवत कापतेय, पाठमोरी.’ मी पाहिले. झाड होते, मागे खाडीचे पाणी होते, बाई नव्हती. तुझी काठ्यांची पिशवी धरून उभा असलेला कॅडी राघो मान खाली घालून आपल्या पायांकडे पाहत होता.

नियम तुला माझ्याइतकाच पाठ होता. चेंडू मारून हलवण्याच्या हेतूने काठी पुढे आणली, तर तो फटका. मग चेंडूला लागो वा न लागो. हेतूच नसेल, काठी जाणूनबुजून चुकवली असेल, तर तो फटका नव्हे आणि मोजायचाही नाही. नियम हेतूबद्दल बोलतो. परंतु हेतू पाहायचा कसा, हे सांगत नाही. मी म्हणालो की ज्या कारणासाठी तू काठी चुकवलीस म्हणतोस ते कारणच तिथे नाही, तेव्हा तू चेंडू मारायला गेलास आणि हुकलास. फटका धरला. नऊ होल संपले तेव्हा तुझे फटके अठ्ठेचाळीस झाले, माझे सत्तेचाळीस, आणि एका कमी फटक्याने चषक मला मिळाला. कार्डावर सही करण्याऐवजी तू ते माझ्या हातात ठेवलेस आणि म्हणालास, ‘तू मला हुकलेला म्हण, मला काही नाही. पण खोटा म्हणू नकोस.’ समितीच्या वहीत मात्र मी ‘खेळाडूचे स्पष्टीकरण विश्वासार्ह नाही’ असे लिहिले. मार्चमध्ये तू वर्ध्याला बदली मागून घेतलीस. विद्युल्लतावहिनी निघताना आमच्या घरी येऊन सरलेला भेटून गेल्या. तू टांग्यातून उतरला नाहीस.

आता जे लिहितो आहे ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. तुझी काठी खाली येताना तुझे मनगट वळलेले मी पाहिले होते. वीस वर्षे तुझा खेळ पाहणाऱ्याला हुकणे आणि चुकवणे यांतला फरक कळत नाही, असे नाही. मला तो त्याच क्षणी कळला होता. पण पुढे पाच होल होते, मी याआधी कधीही जिंकलो नव्हतो, आणि बाई तर नव्हतीच. तो चषक आमच्या काचेच्या कपाटात आहे. सरला दर दिवाळीला तो पुसते. मी त्या वेळी घराबाहेर जातो.

राघोच्या गवताविषयी मात्र तुला माहीत नसेल, कारण मलाही नव्हते. चौथ्या होलवर पोहोचले की प्रत्येक कॅडी वाकून मूठभर गवत उपटे आणि पुढे उडवी, हे तुला आठवेल. खाडीवर वारा फिरता असतो, म्हणून कॅडी वाऱ्याची दिशा पाहून सांगतात, अशी माझी समजूत होती. त्यात वेळ फार जातो आणि वारा पाहायचा तो खेळाडूने पाहावा, अशा विचाराने मी सामन्याच्या दिवशी सकाळीच सूचना लावली होती की कॅडींनी गवत उडवू नये. राघोने चौथ्या होलवर सवयीने हात खाली नेला, तेव्हा मी त्याला तुझ्यादेखत झिडकारले होते. तो म्हणाला, ‘सायेब, येवढ्या एकाच जागी उरवू द्या.’ मी नाही म्हणालो. ती सूचना आठवड्यातच कोणीतरी फाडून टाकली, गवत पुन्हा उडू लागले, आणि मीही त्याकडे काणाडोळा केला.

इकडचे वर्तमान असे की कशेळीला गोदामांवर गोदामे उठत आहेत आणि पुढच्या वर्षी मैदानही त्यात जाणार आहे. म्हणूनच यंदा मी पुन्हा काठी हाती घेतली. एकोणीस नोव्हेंबरला, रविवारी, उन्हे नुकतीच वर आली असताना मी एकटाच खेळत होतो. राघो मुलीच्या सोयरिकीसाठी अंबाडीला गेला होता, त्यामुळे पिशवी माझी मीच वाहिली. चौथ्या होलवर काठी खांद्यामागे नेली आणि ती दिसली. भेंडीच्या झाडापाशी, पाठमोरी, कंबरेत वाकलेली, काष्ट्याचे हिरवे लुगडे. विळ्याचा खस्स खस्स आवाज एकशे चाळीस पावलांवरून कानाशी असल्यासारखा येत होता, आणि त्याखेरीज दुसरा आवाजच नव्हता. ना हमरस्त्यावरच्या ट्रकचा, ना पाखरांचा. चिंतामणी, मला थांबता आले असते. तेवढा अवकाश होता. पण थांबलो असतो तर पाच वर्षांपूर्वी तू खरा होतास, हे मला त्याच ठिकाणी मान्य करावे लागले असते. मी स्वतःशी म्हणालो की तिथे कोणी नाही, हा समितीचा निर्णय आहे. आणि मी चेंडू मारला. एवढा सरळ फटका मी आयुष्यात मारला नव्हता. चेंडू पडल्याचा आवाज झाला नाही. मी तासभर शोधला. झाडापाशी ताजे कापलेले गवत होते, पेंढीभर, नीट एका अंगाला घातलेले. चेंडू नव्हता.

राघो परतल्यावर मी त्याला कचेरीत बोलावून विचारले. त्याने आधी दार लोटून घेतले. मग म्हणाला, ‘वारा आमाला कानाला कलतो, सायेब. त्याला गवत कशाला लागतंय? ते गवत तिचं हाय. ठकुबायचं. माझ्या बापाची आत्या ती.’ ती खाडीकाठची जागा तिची गवत कापायची होती. मैदान आखल्यावरही ती येत राहिली. गोऱ्या साहेबाने तिला पाहिले, ती आपण होऊन बाजूला होईल असे धरले, आणि चेंडू मारला. तो तिच्या मानेवर बसला आणि ती जागीच गेली. तेव्हापासून कॅडी तिच्या वाट्याचे मूठभर गवत तिला देतात आणि मनात म्हणतात, ‘बाय, जरा सर.’ मग ती सरते. राघोने हे मला सांगितले आणि विचारले, ‘तुमी हात आवरलाव ना?’ मी खरे ते सांगितले. ‘त्या सायबानी मारला, तवा ती त्याच्या बंगल्यापरेंत गेली व्हती,’ तो म्हणाला. पुढे काय झाले, म्हणून मी विचारले. त्याने टोपी उचलली आणि निघून गेला.

तेव्हापासूनच्या तारखा मी टिपून ठेवल्या आहेत. बावीस नोव्हेंबरला ती गोदामाच्या फाटकाबाहेर होती, डांबरी रस्त्यावर वाकून कापत. सत्तावीसला नारपोलीत, दोन यंत्रमाग कारखान्यांच्या मधल्या बोळात. दोन्हीकडचे माग चालू होते, धोटे पळताना मला दिसत होते, आणि मला खडखडाट ऐकू येत नव्हता. दोन डिसेंबरला आमच्या आळीच्या तोंडाशी, नळावर. बायका तिच्या दोन्ही अंगांनी हंडे भरून जात होत्या. ती नेहमी पाठमोरी असते. एकदाही घाई करत नाही. ती गेल्यावर जागेवर गवताच्या चार-पाच काड्या असतात, ओल्या, खाडीचा वास असलेल्या. मी त्या पाकिटात घालून ठेवत होतो. आता ठेवत नाही.

तुझ्याविषयीची दुरुस्ती मी वीस नोव्हेंबरलाच केली आहे, राघो परतण्याच्या आधी, म्हणजे त्याने सांगितलेले काहीच मला माहीत नसताना. हे तू कृपया ध्यानात घे, कारण पुढे जे मागणार आहे त्याची किंमत म्हणून ती केली असे तुला वाटता कामा नये. वहीतले ते वाक्य खोडून खाली लिहिले आहे: ‘खेळाडूने काठी जाणूनबुजून चुकवली. फटका मोजू नये. दोघांचेही सत्तेचाळीस. बरोबरी.’ त्याखाली माझी सही आहे. माझा स्वतःचा एकोणीस तारखेचा फटकाही मी तिथेच नोंदवला आहे. तो मात्र नियमाप्रमाणे पुरेपूर मोजला जातो. हेतू होता.

आज सकाळी ती आमच्या अंगणात होती. सरला तुळशीला पाणी घालून वळली आणि तिच्या विळ्याच्या हातभर अंतरावरून घरात आली. कुंचा घेऊन पुन्हा बाहेर गेली आणि म्हणाली, ‘कोणाच्या म्हशीचं गवत सांडलंय हे सारखं?’ मी तिला अजून काही सांगितलेले नाही. दुपारी राघोच्या घरी गेलो आणि प्रथमच त्याच्यापुढे हात जोडले. मी रोज गवत ठेवतो आहे, मनातल्या मनात विनवतो आहे, ती सरत का नाही, असे विचारले. तो म्हणाला, ‘तुमचं ती कशी आयकंल, सायेब? आमचं ती मैदानापुरतंच आयकते. मैदानाभायेर ज्यानी तिच्यासाठी हात आवरला, त्याचंच आयकंल. तसा यकच मानूस झालाय इथं, आन त्याला तुमी खोटा म्हनलाव.’ चिंतामणी, मला क्षमा करायची की नाही ते तू नंतर ठरव. ती मी या पत्रात मागतच नाही. पण वर्ध्याहून मिळेल त्या गाडीने ये. गवत आणू नकोस, ते इथे आहे. अंगणात उभा राहा, मूठभर पुढे टाक आणि तिला सरायला सांग. अंगणापासून माझ्या खुर्चीपर्यंत सतरा पावले आहेत. मी आजच मोजली. हे लिहीत असता नारपोलीचे माग ऐकू येत होते. या ओळीपाशी ते थांबले आहेत. तिने अजून एकदाही वळून पाहिलेले नाही.

तुझाच,
मोरेश्वर त्र्यंबक दिघे
कासार आळी, भिवंडी
दि. ७ डिसेंबर १९७८