काचेच्या कपाटातला रिपोर्ट

४ ऑक्टोबर, मंगळवार

माझ्या आजाराला आज नवं नाव मिळालं — "छातीत राहिलेली जुनी सर्दी." नवऱ्याने, म्हणजे शौकीने, ते सुचवलं. आमच्या लेकीने, नशवाने, मान डोलावली. दारापर्यंत आलेले डॉक्टर लमई खिडकीबाहेर बघत राहिले. मागच्या आठवड्यात ती दमट हवेची बाधा होती, त्याआधी ॲलर्जी. आजार असा दर आठवड्याला सौम्य होत चाललाय, फक्त मी वाळतेय.

इथे मन्सुरा शहरात, मुलींच्या शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं मी. फुप्फुसाचं चित्र डोळे मिटून फळ्यावर काढेन. तरी डॉक्टरांनी मला बाहेर बाकावर बसवलं आणि नवऱ्याला नि मुलीला आत घेतलं. आमच्याकडची रीतच ती — पेशंट सोडून सगळ्यांना सांगायचं. एवढी गुप्तता पाळली आणि स्कॅनचा लिफाफा माझ्याच मांडीवर ठेवून गेले! चिकटवलेलाही नव्हता. वाचला. फुप्फुसात गाठ, तिथून यकृतात. चौथी पायरी.

व्यवस्थित घडी घालून परत ठेवला. ती दोघं बाहेर आली तेव्हा शौकी म्हणाला, "बघ, मी म्हणत नव्हतो? सर्दीच निघाली." मी म्हटलं, सुटले बाई.

६ ऑक्टोबर, गुरुवार

गाठीचा तुकडा कैरोला गेलाय, जनुकं तपासायला. नशवा फोनवर कुणाला तरी सांगत होती — "ते कळल्याशिवाय डॉक्टर काही ठरवत नाहीत... नाही गं, आईला कुठलं माहीत... आई आत कांदा चिरतेय." आई दाराआड उभी होती.

गंमत आहे. वर्गात सांगायचे, पेशी नक्कल करताना चुकते, त्या चुकीला म्हणायचं जनुकातला बदल. पोरी घोकायच्या. आता देवाकडे तीच चूक मागायची वेळ आली. गाठीत ती ठरावीक चूक सापडली तर रोज एक गोळी, आणि बरेच जण दोन-तीन वर्षं काढतात, काही त्याच्याही पुढे जातात. कुठलीच कामाची चूक नाही सापडली तर सलाईनमधून औषध, आणि वर्ष. तेही जेमतेम. जन्मात सिगारेट न ओढलेल्या बायकांत ती जास्त सापडते म्हणे. म्हणजे शहाण्यासारखं वागल्याचं बक्षीस म्हणून कॅन्सरच, पण जरा बऱ्यापैकी!

एक वर्ष की तीन, एवढंच मला कळायला हवंय. वर्षच असेल तर शौकीशी बोलायचंय. कशाबद्दल? सगळ्याबद्दल. अडतीस वर्षांचा संसार मला सर्दीवर संपवायचा नाहीये. फार एकटं वाटतं. घर माणसांनी भरलंय आणि स्वतःच्या मरणाबद्दल बोलायला एक माणूस नाही.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

नमाजाहून आल्यावर शौकीने बटाटे सोलून दिले. लग्नानंतर पहिल्यांदा. लक्षण ठीक नाही.

१२ ऑक्टोबर, बुधवार

आज खडा टाकून पाहिला. छापखाना विकल्यापासून शौकी दुपारभर टीव्हीसमोर असतो. शेजारी जाऊन बसले.

"समजा, मी तुझ्याआधी गेले तर?"

"कुठे? बहिणीकडे?"

"मेले तर म्हणतेय."

"तू? नशवाच्या आई, तू मला पोचवून, चाळिसाव्या दिवसाचं जेवण घालून, माझ्या भावाशी मनसोक्त भांडून मगच जाशील. मुलोखिया झाली का?"

"मरायला टेकलेल्या बाईला भाजी कर म्हणतोस?"

"सर्दीने कुणी मरत नाही," म्हणाला आणि मॅचचा आवाज वाढवला. मॅच केव्हाच संपली होती. साबणाची जाहिरात चालू होती. ती त्याने शेवटपर्यंत बघितली.

मुलोखिया केली. लसूण करपला. चांगली झालीय म्हणाला! एरवी मीठ जरा कमी पडलं तरी ताट सरकवणारा माणूस.

२० ऑक्टोबर, गुरुवार

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येईल.

गुरुवारी मी बैठकीतलं काचेचं कपाट पुसते. माझ्या लग्नातला चिनी मातीचा सेट आहे त्यात. त्यात अजून कुणी जेवलेलं नाही. इथे प्रत्येक घरात असं कपाट असतं आणि प्रत्येक घरात बायको सोडून त्याला कुणी हात लावत नाही. सुपाचं मोठं भांडं उचललं तर खाली कागद. माझं नाव, कैरोच्या लॅबचा शिक्का. बदल सापडला आहे!! तोच, गोळीवाला!

मूर्ख माणूस. सगळं घर सोडून मी पुसते तिथेच लपवून ठेवलंय. उभ्या उभ्या दोनदा वाचला, भांडं जागच्या जागी ठेवलं, आणि खाली बसून रडले. मग उरलेल्या बशा पुसल्या.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

भेंडी केली, मटण घालून. शेवयांचा भात. नशवाला, तिच्या नवऱ्याला जेवायला बोलावलं. भांडी घासताना गुणगुणत होते. शौकी दारात उभा राहून बघत होता, मग तोंड फिरवून म्हणाला, डोळ्यात साबण गेला. भांडी मी घासत होते!

बोलायचं होतं ते राहू दे तूर्त. घाई कसली, तीन वर्षं आहेत. उन्हाळ्यात चार दिवस समुद्रावर जाऊ, तिथे निवांत बोलू. कपाटाची गोष्टही तेव्हा सांगेन, चांगला खजील करेन त्याला.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

"ताकदीचं सलाईन" लावून आले. साडेतीन तास. ताकदीची बाटली नर्सने हातमोज्यांवर हातमोजे घालून उचलली. नशवा सारखी विचारत होती, "मळमळतंय का?" ताकदीने मळमळतं का कधी?

मला कळत नाही ते हे — गोळी कुठाय? बदल सापडला तर आधी गोळी देतात.

२६ ऑक्टोबर, बुधवार

शौकी बाजारात गेल्यावर कागद पुन्हा काढला. या वेळी चष्मा लावून, तपासायचा पेपर वाचावा तसा वाचला.

जनुक: ईजीएफआर. बरोबर. बदल: एल८५८आर. बरोबर. जनुकाचा तुकडा (एक्सॉन): एकोणिसावा.

चूक. तो एकोणिसाव्या तुकड्यात नसतो, एकविसाव्यात असतो. एकोणिसाव्यातला प्रकार वेगळा. दोन्हींवर औषध तेच म्हणून कुणीतरी दोन्ही वाचून एकत्र कालवलंय. लॅबची माणसं हे असं लिहिणार नाहीत. शिवाय कागदाच्या चारी बाजूंना सोनेरी वेलबुट्टीची बारीक किनार आहे. रोगाच्या रिपोर्टला! पस्तीस वर्षं लग्नपत्रिका छापलेल्या माणसाला कोऱ्या कडेचा कागद बघवला नसणार.

म्हणजे मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. पहिल्यापासून. मी गुरुवारी कपाट पुसते हेही. टीव्हीसमोर बसून त्याने कुठल्याशा पुस्तकातून ही नावं टिपली असतील, त्याला एबीसीडी धड येत नाही, आणि विकलेल्या छापखान्यात जाऊन मला तीन वर्षं छापून दिली.

आधी भयंकर राग आला. कप फोडला एक — सेटमधला नाही, रोजचा. माझे पाच दिवस त्या आनंदात गेले, तेवढ्यात बोलून झालं असतं कितीतरी. मग बराच वेळ किनारीकडे बघत बसले. राग टिकेना.

लाल पेन काढलं. १९ खोडून वर २१ लिहिलं. खाली सही, तारीख. कागद परत सुपाच्या भांड्याखाली ठेवला. भांडं जरा तिरकं ठेवलं, त्याला दिसेलसं.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

चहा घेत होते तर शौकी कागद हातात घेऊन समोर येऊन बसला. टीव्ही बंद होता. म्हणाला, "खरा आणू?" म्हटलं, आण.

दोघांनी मिळून वाचला. तिसऱ्या ओळीत 'बदल आढळला नाही' आलं, तिथे त्याने कागद माझ्याकडे सरकवला. पुढचं मी वाचून दाखवलं.