जुन्या मातीत दह्याचं बोट

शुक्रवार, ४ मार्च २००५, स्टेट कॉलेज, अमेरिका

मंदारदादाच्या डिशमध्ये दह्याचं बोट मीच लावलं.

सोमवारी त्याचा डबा द्यायला लॅबमध्ये गेलो होतो. टेबलावर झाकणाच्या दोन डिश. एकीत अलास्काची आजची माती, तिच्यात जंतूच जंतू. दुसरीत हजारो वर्षं बर्फाखाली गोठलेली माती, तिच्यात काहीच उगवेना. दादा तोंड पाडून हात धुवायला गेला आणि मी डब्यातल्या दह्यात बोट बुडवून त्या दुसरीचं झाकण उचललं. गंमत म्हणून यार, दुसरं काय?

आज तिच्यात पांढरे ठिपके आलेत. दादाने मला उचलून गरगर फिरवलं. "पक्या, जिवंत आहे रे ही माती!" मग नागपूरला काकूला फोन. "आई, एवढी जुनी, तरी जागी झाली!" काकू रडलीसुद्धा. ठिपक्यांसाठी!

मी पोळी खात होतो. हसू येईल वाटलं होतं, आलं नाही. येत्या सोमवारी तो हे ठिपके प्रोफेसरला दाखवणार. प्रोफेसरला दही कळणारच की. मग दादाच्या पीएचडीचं काय?

उद्या चहा झाला की मीच सांगतो. चहाच्या आधी नको, मार बसेल. तोवर कुणी हे वाचलंच तर पाया पडतो, कुणाला बोलू नका. आजची रात्र तरी त्याला खुशीत झोपू द्या.