अर्धा आठ आणि मागल्या अंगणाची फरशी

मी, सीमंतिनी यशोधन टेंबे, वय चौऱ्याहत्तर, राहणार दौलतगंज, लष्कर, ग्वाल्हेर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझ्यावर दबाव आणू शकेल असे कोणी घरात नाही, हे दौलतगंजात सर्वांना ठाऊक आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि शेवटचे समजावे.

१. राहते घर माझा एकुलता एक मुलगा राघव याला. मागले अंगण यात धरू नये. त्याचे पुढे लिहिले आहे.

२. पाटल्या सून श्रुतीला. नात प्रांजलीच्या स्केटिंगच्या पोशाखांवर एकेक टिकली तिनेच लावली आहे. आमच्या वेळी सलवार-कमीज घालून, ओढणी कमरेला बांधून उतरायचे. मी स्कर्टचे नाव काढताच काकांनी ताटावरून उठून दाखवले होते.

३. बँकेतली ठेव प्रांजलीला, बूट आणि चाकांसाठी. माझे लोखंडी चाकांचे, चामडी पट्ट्यांचे स्केट्सही तिलाच. ते शोभेला भिंतीवर टांगू नयेत. अधूनमधून घालून एक फेरी मारावी, म्हणजे आजी कशावर नाचत होती ते पायांना कळेल.

चार ते सात ही कलमे मुद्दाम रिकामी सोडली आहेत. वकीलसाहेबांना हे पसंत नाही. पण फरशीचे कलम आठवेच असले पाहिजे.

८. मागल्या अंगणातली फरशी, तिच्याखालच्या जमिनीसह, प्रांजलीची. ती कोणी खोदू नये, तिच्यावर टाइल्स बसवू नयेत, गाडी उभी करू नये.

कारण सांगते. आमच्या काळी फिगर स्केटिंगमधली फिगर म्हणजे जमिनीवर काढायची आकृती. उड्या नंतर, आधी वर्तुळे. परीक्षक गुडघे टेकून चाकांची रेघ बघत. सोळाव्या वर्षी मी पहिल्या परीक्षेला उभी राहिले. बाहेरगावचे परीक्षक म्हणाले, "आठ बनाओ." मी मराठी शाळेतली. एका पायावर सुरेख वळसा घेतला, शेपटी काढली आणि थांबले. ८.

"यह क्या बनाया? मैंने आठ बोला था."

"आठ ही है, सर. पूरा आठ."

त्यांना दोन वर्तुळे हवी होती, इंग्रजी आकड्यासारखी. मी नापास. रांगेत मागे उभी असलेली लीला मोहिते मोठ्याने म्हणाली, "अर्धा आठ!" ते नाव मला चिकटले. महाराज बाड्यावर भाजी घेतानासुद्धा कोणीतरी हाक मारायचे.

लग्नानंतर हे सगळे यशोधनना सांगितले. ते हसले नाहीत. मागल्या अंगणात सिमेंट ओतून घेतले आणि सुट्टीच्या दिवशी बसून स्वतः दगडाने घासले. "इथे तुमचा आठ काढा, बघायला मीच आहे," म्हणाले. माझ्यावर कोणी इतके प्रेम केले नाही.

पुढे खेळच बदलला. बर्फावरच्या स्पर्धांतून १९९० नंतर आकृत्या गेल्या, आमच्या चाकांवरही त्या मागे पडल्या. फिगर नावापुरती उरली. आता परीक्षक पडद्यावर उडी मागेपुढे करून बघतात, आणि शब्द असलेले गाणेही चालते. माझ्या वयाची माणसे यावर नाके मुरडतात. मी मुरडत नाही. या बदलानेच माझा आठ मोकळा झाला.

गेल्या डिसेंबरात राष्ट्रीय स्पर्धेत प्रांजली मराठी लावणीवर उतरली. उड्या, गिरक्या, आणि शेवटी एका पायावर, सगळी फरशी व्यापणारा ८. माझा. शेपटीच्या टोकाला ती थांबली आणि सभागृह उभे राहिले. सुवर्णपदक घेताना निवेदकाने तिला विचारले, हा शेवटचा आकार कोणता? ती माइकवर म्हणाली, "आठ है. हमारे यहाँ ऐसे ही लिखते हैं. आजीचा आहे." मी भर सभागृहात शिट्टी वाजवली.

त्याआधी राघव म्हणत होता, "आई, फर्श तोडून पार्किंग करू ना, उसमें क्या है?" परतल्यापासून तो फरशी स्वतः पुसतो. तरी उद्याचा भरवसा नाही, म्हणून लिहून ठेवले.

शेवटचे. मृत्युपत्रात साक्षीदाराला काही दिले तर ते मिळत नाही, असे वकीलसाहेब सांगतात. म्हणून श्रीमती लीलाताई मोहिते यांना आग्रहाने साक्षीदार केले आहे. सही करण्यापूर्वी त्यांना अंगणात खुर्ची देऊन बसवले, माझ्या पायात स्केट्स चढवले आणि त्यांच्यासमोर आकृती काढली. राघव हात धरायला धावला. त्याला बाजूला केले.

स्थळ: लष्कर, ग्वाल्हेर
दिनांक: ८ ऑगस्ट २०२५

(सही) सीमंतिनी यशोधन टेंबे

साक्षीदार:

१. डॉ. विहंग पाटणकर. बाईंची प्रकृती व बुद्धी उत्तम आहे. स्केट्स घालायला मी परवानगी दिली नव्हती.

२. लीला मोहिते. वरील सही माझ्यासमक्ष झाली. आठ मी डोळ्यांनी पाहिला. पूर्ण आहे.